आपण शेतात गेल्यावर सशाला सांभाळणारं घर

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आपल्या पशुसखीने केलेलं हे बोलणं. बैठकीला येऊ न शकलेल्या गटांनी मागितलं म्हणून इथे छापत आहोत.)



शेळी आणि कोंबडीबद्दल आपण दर बैठकीला बोलतो. आज सशाबद्दल बोलूया. आठवडी बाजारात पांढरे ससे विकायला येतात. पोरं हट्ट धरतात, आणि एक दिवस जोडी घरी येते. पहिले आठ दिवस ती पुठ्ठ्याच्या खोक्यात राहते. मग घाण होते, वास येतो, आणि ससे परसात जातात. तिथून पुढे मला प्रश्न येतो, "ताई, पिंजरा कोणता घेऊ?"

पिंजऱ्याचं उत्तर देण्याआधी मीच तुम्हाला एक विचारते. तुमचा दिवस कसा जातो? सकाळी आठ-नऊला खुरपणीला किंवा वेचणीला गेलं की परत यायला पाच-सहा वाजतात. पोरं शाळेत असतात. म्हणजे उन्हाचा सगळा वेळ ससा एकटा. रात्री आपण दार लावून झोपतो, तेव्हाही तो एकटा. ससा मरतो तो बहुतेक वेळा याच दोन वेळांना, भर दुपारी नाहीतर मध्यरात्री. आपण समोर असताना कोणतंही घर चांगलंच वाटतं. आपण नसताना जे त्याला सांभाळतं, ते खरं चांगलं घर. निवड करताना हे एक ध्यानात ठेवलं तर बाकीचं सोपं जातं.

आधी जागा, मग पिंजरा

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून धापा टाकणंही त्याला नीट जमत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. अंगावर दाट केस असतात. त्यामुळे थंडी तो सोसतो, पण ऊन सोसत नाही. १५ ते २५ अंशांपर्यंत तो मजेत असतो. तिशीच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो, आणि ३५ च्या पुढे जिवाला धोका. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. म्हणजे आपल्या भागात सशाचा पहिला वैरी कुत्रं नाही, ऊन आहे.

म्हणून पिंजरा घेण्याआधी जागा शोधा. कडुनिंब, आंबा, चिंच अशा गर्द झाडाची सावली सगळ्यांत चांगली. पण सावली फिरते. सकाळी दहाला जिथे गार सावली असते, तिथेच तीन वाजता ऊन येतं. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी बारा, दोन आणि चार वाजता त्या जागेवर जाऊन उभ्या राहा, अनवाणी. तळपाय भाजत असतील तर ती जागा सशाची नाही. झाड नसेल तर घराच्या पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत बघा, दुपारनंतर तिथे भिंतीचीच सावली पडते. पश्चिमेची भिंत अजिबात नको. दिवसभर तापलेली ती भिंत संध्याकाळीही वाफा टाकते.

घराचं तोंड पूर्वेकडे ठेवा. सकाळचं कोवळं ऊन आत आलं तर ओल सुकते. पश्चिमेची बाजू बंद ठेवा. पावसाळी वाराही आपल्याकडे बहुतेक त्याच अंगाने येतो, तेव्हा एका भिंतीत दोन कामं होतात. चुलीचा धूर जाईल तिथे, मोरीच्या सांडपाण्याजवळ किंवा उकिरड्याच्या कडेला सशाचं घर नको.

छप्पर नुसत्या पत्र्याचं असेल तर दुपारी आतली भट्टी होते. पत्रा घातलाच असेल तर त्यावर कडब्याच्या पेंढ्या, पाचट किंवा गवत जाड अंथरून बांधा, किंवा वरून चुन्याचा पांढरा हात द्या. कौलं किंवा गवताचं छप्पर पत्र्यापेक्षा कितीतरी गार. छप्पर चारी बाजूंनी फूटभर बाहेर आलेलं असावं, म्हणजे तिरपं ऊन आणि पावसाचे सपकारे आत जात नाहीत.

उन्हाळ्यात जाळीवर बाहेरून ओलं गोणपाट सोडतात, ते चांगलंच आहे. पण दोन वाजता ते ओलं कोण करणार? आपण शेतात असतो. झाडांना ठिबक देण्यासाठी सलाईनची रिकामी, स्वच्छ बाटली वापरतात, तसं इथे करा. बाटल्या गोणपाटाच्या वरच्या काठावर टांगा आणि थेंब थेंब सोडून जा. किंवा मडक्यात सुती चिंधीचं एक टोक सोडून दुसरं गोणपाटावर ठेवा. गोणपाटाने चारी बाजू झाकू नका. वारा आरपार गेला तरच गारवा मिळतो, नाहीतर आत दमट कोंडतं आणि ते उन्हापेक्षा वाईट. आत शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवा. सकाळी पाणी मारून गेलात की ससा आपणहून त्यावर पोट टेकून पडतो.

पाण्याचं भांडं मातीचं, जड, रुंद बुडाचं घ्या. हलका डबा तो पायाने उलटा करतो आणि मग दिवसभर कोरडा बसतो. अडीच किलोचा ससा एरवी पाव लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त. म्हणून दोन भांडी ठेवा. एक सांडलं तर दुसरं राहतं.

केवढं घर?

बाजारात दीड-दोन फुटांचे तारेचे पिंजरे मिळतात. ते पोपटाला किंवा सशाला दवाखान्यात न्यायला ठीक. दिवसरात्र राहायला नाहीत. सशाला तीन उड्या सलग मारता आल्या पाहिजेत, अंग लांब करून पसरता आलं पाहिजे, आणि मागच्या पायांवर उभं राहिलं तर कान छताला लागू नयेत. अडीच-तीन किलोच्या दोन सशांना ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच घर धरा. हे कमीत कमी आहे. शिवाय रोज सकाळ-संध्याकाळ घरात कोणी असताना तास-दोन तास कुंपण केलेल्या जागेत मोकळं सोडायला हवं.

या सहा फुटांत दोन खोल्या करा. दोन फुटांची एक बाजू सगळीकडून फळ्यांनी बंद, आत जायला आठ इंचांचं भोक. उरलेली चार फूट जाळीची. ससा हा दुसऱ्याची शिकार होणारा प्राणी. कुत्रं भुंकलं, फटाके वाजले, वरात गेली की त्याला लपायला अंधारी जागा लागते. नुसती जाळी असेल तर तो घाबरून आपटत राहतो. कुत्रं आत शिरलंही नाही, पण ससा भीतीनेच मेला, असंही होतं. बंद खोलीलाही वरच्या बाजूला हवेसाठी जाळीची पट्टी ठेवा.

तळ कसा असावा?

मांजराच्या पायाला गादी असते, सशाच्या तळपायाला नुसते केस. तारेच्या तळावर रोज बसून मागच्या पायाच्या टाचेचे केस झडतात, जखम होते, ती चिघळते. विक्रेता सांगतो की तारेतून लेंड्या खाली पडतात, साफसफाई सोपी. खरं आहे, पण ती सोय आपली झाली, सशाची नाही.

मधला मार्ग असा. बंद खोलीचा तळ फळीचा, त्यावर कोरड्या गवताचा जाड थर. जाळीच्या खोलीचा तळ बांबूच्या गुळगुळीत कामट्यांचा, दोन कामट्यांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नको. लेंड्या खाली पडतात आणि पाय अडकत नाही. कामट्या तासून घ्या, कुसळ राहू देऊ नका.

तळ जमिनीपासून अडीच फूट वर घ्या, म्हणजे साधारण आपल्या कमरेएवढा. ओल लागत नाही, खाली हवा खेळते. आणि मैत्रिणींनो, ही उंची आपल्यासाठीही आहे. रोज वाकून झाडायचं असेल तर चार दिवसांनी आपण टाळायला लागतो. उभ्याने झाडता आलं तर काम होतं.

खाली पडलेल्या लेंड्या वाया घालवू नका. शेणासारख्या कुजवत ठेवायची गरज नसते. परसबागेतल्या वांगी-मिरचीच्या बुडाशी सरळ टाकल्या तरी चालतात.

जाळी, कडी आणि रात्र

रात्री कुत्री, बोके, मुंगूस, घूस आणि साप येतात. षट्कोनी भोकांची बारीक तारेची कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. ते दाताने ती ओढून फाडतं. जोडकाम केलेली, अर्ध्या इंचाच्या चौकोनाची वेल्डमेश जाळी घ्या. एक इंचाच्या भोकातून साप आणि उंदीर आत जातात.

हिशोब सांगते. मी सांगितलेल्या मापाच्या घरात समोरची, मागची आणि एक बाजूची जाळी धरली तर ४ फूट रुंदीची जाळी ६ फूट लांब पुरते. चार बाय दोनचे दोन तुकडे, दोन बाय दोनचा एक, आणि तेवढाच एक दुरुस्तीला उरतो. मागची बाजू पश्चिमेला येत असेल तर तिथे जाळीऐवजी फळ्या किंवा तुराट्यांचा कूड करा, जाळी आणखी कमी लागेल. जाळी नुसत्या खिळ्यांवर अडकवू नका. वरून लाकडी पट्टी ठोका, म्हणजे ओढली तरी निघत नाही.

दाराला सुतळी किंवा तार गुंडाळून चालणार नाही. कडी-कोयंडा लावा, एक वर, एक खाली. कडी अशी हवी की पोरांनाही ती लावल्याशिवाय चैन पडू नये. ससे जातात ते पुष्कळदा जाळीतून नाही, उघड्या राहिलेल्या दारातून.

मुंग्यांचं विसरू नका. नवजात पिल्लांना लाल मुंग्या जिवंत सोडत नाहीत. दुभत्याच्या कपाटाचे पाय आपल्या आज्या पाण्याच्या वाट्यांत ठेवायच्या, तसंच या घराचे चारी पाय पाण्याच्या पसरट भांड्यांत ठेवा. पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील. उरलेला पाला आणि दाणा रात्री काढून घ्या, सुकं गवत तेवढं ठेवा. दाण्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

पावसाळा आणि वास

पावसाळ्यात ससा मरतो तो भिजून कमी आणि घाणीने जास्त. लघवीचा झणझणीत वास तुमच्या नाकाला लागला, तर सशाच्या नाकाला तो कधीचा लागलेला असतो. त्याने सर्दी होते, नाक वाहतं, पुढे फुप्फुसं धरतात. ओल्या, घाणेरड्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात. म्हणून ओलं गवत रोज काढा. आठवड्यातून एकदा सगळं घर रिकामं करून घासा, उन्हात पूर्ण वाळवा, मग नवं गवत घाला. बुरशी आलेलं गवत ना खायला, ना अंथरायला.

लाकूड कोणतं? सशाचे दात आयुष्यभर वाढतात, तो लाकूड कुरतडणारच. म्हणून आतून ऑइलपेंट, डांबर किंवा जळकं तेल लावू नका. बाहेरून लावायचं तर तोंड पोचणार नाही तिथेच. फवारणी झालेल्या पिकाच्या तुराट्या-पऱ्हाट्याही जाळीच्या आत नकोत. चघळायला बाभळीची किंवा बोराची काटे काढलेली काडी द्या, म्हणजे घर कमी कुरतडतो.

मग नेमकं कोणतं घर निवडू?

तीन पर्याय आपल्या आवाक्यातले आहेत.

पहिला, गावच्या सुताराकडून वरच्या मापाचं लाकडी घर. जागा कमी असेल आणि दोनच ससे असतील तर हेच उत्तम. जुन्या दारा-खिडक्यांच्या फळ्या चालतात.

दुसरा, गोठ्याचा किंवा पडवीचा कोपरा. छप्पर तयारच असतं, ससे पळू शकतात, खर्च थोडा. पण तळ मातीचा असेल तर ससा बीळ खणून निघून जातो, खणणं हा त्याचा स्वभावच. फरशी टाका, नाहीतर जाळी फूटभर जमिनीत पुरा. बकऱ्यांच्या पायांत किंवा कोंबड्यांबरोबर एकत्र ठेवू नका. पायाखाली सापडतो, कोंबड्या टोचतात, आणि एकाचे रोग दुसऱ्याला लागतात.

तिसरा, बाजारातला तयार तारेचा पिंजरा. घेतलाच असेल तर फेकू नका. तळावर फळी टाका, आत लपायला खोकं ठेवा, आणि मोठं घर होईपर्यंत तो पडवीत, सावलीतच ठेवा. उघड्या परसात एक दिवसही नको.

घर एक असो वा दोन, नर आणि मादी वेगळे लागतात. चार-पाच महिन्यांत ससे वयात येतात. गाभण राहिल्यापासून साधारण ३१ दिवसांत मादी विते, आणि व्यायल्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. एका वेताला सहा-आठ पिल्लं. दोघांसाठी बांधलेल्या घरात तीन महिन्यांत पंधरा ससे झाले तर कुठलंच घर पुरत नाही. पाळायला म्हणून दोन घ्यायचे तर लहानपणापासून एकत्र वाढलेल्या दोन माद्या घ्या, आणि त्या खरंच माद्या आहेत का ते पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. मादी गाभण असेलच, तर दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच खोकं गवत घालून आत ठेवा. ती स्वतःचे केस उपटून त्यात गादी करते. पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात, दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात. आई दिवसातून एक-दोनदाच, थोडा वेळ पाजते. "आई जवळ बसत नाही" म्हणून पिल्लं उचलून हाताळू नका.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

कापणीच्या वेळी शेतात रानसशाची पिल्लं सापडतात. ती घरी आणू नका. रानससा आणि पाळीव ससा वेगवेगळे आहेत. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, त्याला पकडणं, कोंडणं गुन्हा आहे. पिल्लू एकटं दिसलं तरी आई जवळपासच असते. आहे तिथे, धुऱ्याच्या गवतात राहू द्या.

दुसरी गोष्ट. कोणी गावात येऊन "दहा सशांचं युनिट घ्या, पिंजरे आमचे, पिल्लं आम्हीच विकत घेऊ" असं सांगत असेल तर घाई करू नका. आधी ग्रामसंघात मांडा. करार लेखी मागा, आधी घेतलेल्या गावातल्या बायांना भेटा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. आणि घरी पाळायला आणलेल्या दोन सशांसाठी गटातून कर्ज उचलू नका. पाळीव ससा पैसा परत देत नाही. तो हौसेचा आहे, हौस आपल्या शिलकीतून करावी.

घर बांधण्याआधी घरात ठरवा

ससा पोरं मागतात, आणतो बाप, आणि झाडते आई. हे आधीच बोलून घ्या. सकाळी पाणी कोण भरणार, ओलं गवत कोण काढणार, रात्री कडी कोण बघणार? तीन नावं ठरली नाहीत तर ससा आणू नका. पोरांनाही हे समजतं. "आधी घर, मग ससा" असं सांगितलं तर तीच पोरं सुताराच्या मागे लागतात.

घर तयार झाल्यावर हे सहा प्रश्न स्वतःला विचारा :

१. दुपारी दोन वाजता इथे सावली आहे का?
२. मी दहा तास आले नाही तरी पाणी उरेल का?
३. लपायला अंधारी खोली आहे का?
४. पायाखाली तारेऐवजी फळी, कामटी किंवा गवत आहे का?
५. जाळीतून माझं बोट जातं, पण अंगठा जात नाही ना? अंगठा जात असेल तर भोक मोठं आहे.
६. मी उभ्याने पाच मिनिटांत झाडू शकते का?

एकाचं जरी उत्तर चुकलं तर आधी ते दुरुस्त करा.

आणि इतकं करूनही ऊन लागलंच तर? ससा तोंड उघडून धापा टाकतो, कान लाल आणि गरम होतात, अंग टाकून पडतो. त्याला लगेच सावलीत, वाऱ्याला घ्या. साध्या पाण्याने कान ओले करा, बर्फाचं पाणी नको, बादलीत बुडवू नका. पाणी जबरदस्तीने तोंडात ओतू नका, ठसका लागतो. आणि दवाखान्यात न्या किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. माणसाचं किंवा शेळीचं उरलेलं औषध देऊ नका. काही प्रतिजैविकं सशाला पोटातून दिली तर मारक ठरतात.

ज्या ताईंकडे आज ससे आहेत, त्यांनी येत्या रविवारी दुपारी दोन वाजता पिंजऱ्याजवळ जाऊन दहा मिनिटं बसावं. बाकी काही करू नका, नुसतं बसा. काय बदलायचं ते तुम्हालाच दिसेल. पुढच्या बैठकीत ते सगळ्यांना सांगा. मापं लिहिलेला कागद ग्रामसंघाच्या कार्यालयात लावला आहे, सुताराला दाखवायला त्याचा फोटो काढून घ्या.